गळ्याचं माप

बसस्टँडवरून दुकानापर्यंतच्या रस्त्यात बापूने ताईला जेमतेम दोन-चार शब्द बोलू दिले. गाडी चालवता चालवता तो तिला पढवत होता. "तू फक्त एवढंच सांग, की अण्णांची मान उघडून ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ते पंचवीस वर्षं जगले. बाकीचं मी बघतो."

"बाकीचं म्हणजे काय?"

"बाकीचं म्हणजे दादा."

ताई मांडीवरची पिशवी सावरत बाहेर बघत राहिली. बापू तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेलेला, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं आणि ते पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असतं, अशी त्याची खात्री. ताई आणि बापू यांच्या मधला तो मास्तर. शाळेतला नव्हे, शिवणकामातला. अण्णांच्या मागे शर्टांचं दुकान त्यानेच सांभाळलं. गिऱ्हाइकं मास्तर म्हणायची, म्हणता म्हणता घरातही तेच नाव रुळलं. सख्खी बहीण असून ताईही त्याला मास्तरच म्हणायची. बापू तेवढा दादा म्हणे, आणि तेही रागात असला की जास्त.

"आणि समजा मी नाही म्हटलं तसं?" ताईने विचारलं.

"का नाही म्हणणार? अण्णांच्या उशाशी तूच होतीस ना?"

ते खरं होतं. अण्णांच्या त्या आजारपणात मास्तर परगावी होता आणि बापू अर्ध्या चड्डीत. वहिनी तर अजून या घरात आलीच नव्हती. अण्णांच्या ऑपरेशनबद्दल घरात गेली पन्नासेक वर्षं जे काही बोललं जात होतं, ते सगळं ताईच्या एकटीच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि तिला मात्र नीट बसवून कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

दुकानाच्या काचेच्या दारातून आत शिरताच तिला नेहमीचा वास आला. कोऱ्या कापडाचा, खडूचा, इस्त्रीखालच्या ओलसर सुताचा. भिंतीवरच्या खिळ्यांना खाकी कागदाचे नमुने लटकत होते, एकेका गिऱ्हाइकाची कॉलर, बाही, बगलेचा मुंढा. त्यातली कितीतरी माणसं आता हयात नव्हती. मास्तर नमुने टाकून देत नसे. कापायच्या टेबलामागे, अण्णा उभे राहायचे तिथेच, तो उभा होता. गळ्यात टेप, नाकावर चष्मा, हातात काही नाही. कात्री वहिनीने लपवून ठेवली होती.

"आलीस?" तो म्हणाला. "बापूने बोलावलं म्हणून, का आपली आपण?"

"मला काय बापूने बोलावल्याशिवाय यायची चोरी आहे?"

"तसं नाही. कुणाच्या बाजूने आलीस ते कळलं, म्हणजे मला तयारी करता येते."

आतून वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिच्या मागोमाग चिमणी. चिमणी म्हणजे मास्तरची एकुलती एक. लहानपणी एवढीशी होती म्हणून पडलेलं नाव आता तिशी उलटलेल्या उंचनिंच बाईला अजिबात शोभत नव्हतं. दूर डोंगरात बोगदे खणणाऱ्या एका कंपनीत ती मोजणीचं काम करायची. बोगदा दोन्ही तोंडांनी खणत आणतात, आणि मधोमध दोन्ही टोकं बरोबर भेटली पाहिजेत, ही जबाबदारी तिची. याच वर्षी तिला एका अख्ख्या बोगद्याची मुख्य केलं होतं. बापाची बातमी कळताच ती काम टाकून आली होती.

"आत्या, तू तरी समजाव यांना," ती ताईच्या पायाशी वाकत म्हणाली.

"आधी मला काय झालं ते तर सांगा. फोनवर बापू एकटाच बोलत होता."

सांगितलं वहिनीने. गेल्या आठवड्यात मास्तर कापड कापत होता आणि उजव्या हातातून कात्री खाली पडली. तो उचलायला वाकला, पण हात काही केल्या ऐकेना. ती म्हणाली, "अहो, काय होतंय?" त्याने उत्तर दिलं, पण तोंडातून आले ते शब्दच नव्हते. नुसता चिखल कालवल्यासारखा आवाज. ती धावत शेजारच्या औषधवाल्याला बोलवायला गेली, तो येईपर्यंत सगळं पूर्ववत झालेलं. हात चालायला लागला, बोलणं स्वच्छ. मास्तर औषधवाल्याला म्हणाला, हात झोपला होता जरा, तुम्ही बसा, चहा घ्या.

"चहा घ्या," वहिनी पुन्हा म्हणाली. एवढ्या सगळ्यातलं तेच तिला सहन झालं नव्हतं. "मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी धरून नेलं दवाखान्यात. मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली डावी धमनी आतून पार अरुंद झालीय म्हणे. हा पहिला इशारा होता. पुढच्या वेळी असा येऊन निघून जाईलच असं नाही."

"जे आपसूक बरं झालं, त्याला कशाला चिरायचं?" मास्तर म्हणाला.

"चिरायचं नाहीच असंही म्हणतात आता," चिमणी म्हणाली. "तारेने जाऊन आत जाळी बसवतात."

"जाळीबिळी नवी भानगड आहे," बापू मध्ये पडला. "मान उघडायची, शीर साफ करायची, मोकळं व्हायचं. अण्णांचं तसंच केलं होतं. अण्णा जगले. सिद्ध झालेली रीत आहे. ताई, सांग की."

सगळ्यांची तोंडं ताईकडे वळली. बापू आशेने बघत होता, मास्तर सावधपणे, चिमणी नुसतीच. वहिनी तिच्याकडे बघत नव्हती, ती नवऱ्याच्या उजव्या हाताकडे बघत होती.

"मला आधी डॉक्टरांचं ऐकू दे," ताई म्हणाली, आणि बापूचा चेहरा पडला.

*

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असतील. टेबलावर कागद पसरून त्यांनी पेनाने मानेचं चित्र काढलं. मास्तर ते चित्र असं बघत होता, की जणू कुणीतरी कॉलर चुकीची बेतलीय.

"इथे धमनीच्या दोन फांद्या होतात," त्या म्हणाल्या. "नेमका इथेच थर साचलाय. त्या दिवशी त्यातला एखादा कण सुटून वर मेंदूत गेला, अडकला, आणि सुदैवाने विरघळला. मोठा कण गेला तर उजवी बाजू आणि बोलणं, दोन्ही जाऊ शकतं. थांबायला आपल्याकडे फार वेळ नाही."

"मग उघडूनच करा," बापू म्हणाला. "आमच्या वडिलांचं केलं होतं."

"चांगलंच ऑपरेशन आहे ते. आजही मी बऱ्याच जणांना तेच सांगते. पण यांना मागे हृदयाचा झटका येऊन गेलाय. हृदय कमजोर आहे. पूर्ण भूल देऊन मान उघडणं यांच्या हृदयाला झेपेल का, याची मला शंका वाटते. म्हणून यांच्यासाठी स्टेंट बरा."

"म्हणजे नक्की काय करणार?" वहिनीने विचारलं.

"जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी वर मानेपर्यंत न्यायची. जांघेतली तेवढीच जागा बधिर करतो, माणूस जागा असतो. थराच्या पुढे आधी छत्रीसारखी एक इवली जाळी उघडायची, कण सुटलेच तर ते त्यात अडकतात. मग तारेच्या विणीची नळी आत सोडायची. ती आपोआप उमलते आणि थराला भिंतीशी दाबून धरते. आतून छोटा फुगा फुगवून ती नीट बसवायची, छत्री मिटून बाहेर काढायची. मानेवर टाका नाही. सगळं ठीक असेल तर दुसऱ्या दिवशी घरी."

"आणि ठीक नसेल तर?" हे मास्तर.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ऐन वेळी एखादा कण छत्रीला चुकवून वर गेला, तर ज्याला आपण घाबरतोय तेच होईल. शंभरातल्या थोड्या जणांना होतं. काही न करता बसलात तर त्याहून बऱ्याच जणांना होतं. नंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतील, एकही दिवस न चुकवता."

"आवाज?" मास्तरने विचारलं.

"आवाजाच्या नसेला आपण हातच लावत नाही. उघडून केलं तर क्वचित ती दुखावते."

"आमच्या वडिलांची दुखावली होती," मास्तर म्हणाला आणि उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

परतताना गाडी घराजवळ आल्यावर बापू म्हणाला, "हृदयाचं मला कुणी सांगितलं नव्हतं." म्हणजे त्याने शस्त्र खाली ठेवलं होतं. पण त्याने मास्तर तयार होणार नव्हता. घरी येताच त्याने जाहीर केलं, की आपल्याला ना चिरायचंय, ना जाळी बसवायचीय, आणि हा विषय आता बंद.

*

संध्याकाळी गिऱ्हाइकांची वेळ सरल्यावर ताई दुकानात येऊन बसली. मास्तर कॉलरच्या आतलं कडक कापड बोटांनी मोडून बघत होता. तिने डब्यातून सुई-दोरा घेतला आणि अर्धवट पडलेला एक शर्ट मांडीवर ओढला. लग्नाआधी या दुकानातली सगळी काजं तीच करायची.

"दिसतं का तुला अजून?" त्याने विचारलं.

"न बघता करीन."

ती काज विणायला लागली आणि तो तिच्या बोटांकडे बघत राहिला. "अण्णांचा आवाज आठवतो तुला? आधीचा?" थोड्या वेळाने तो म्हणाला.

आठवत नाही कसा? माप घेताना अण्णा ते असं पुकारायचे, की रस्त्यापलीकडचा सायकलवाला मान वर करायचा. गळा सोळा, खांदा अठरा, पोट मी सांगत नाही, साहेब स्वतःच सांगतील. मग गिऱ्हाईक हसायचं, सायकलवाला हसायचा, आतल्या बाकावर मापं उतरवून घेणारा लहानगा मास्तरही हसायचा. दुपारच्या वेळी चार मशिनी एकदम चालत असायच्या, आणि त्यांच्यावरून अण्णांची हाक मागच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायची. आई म्हणायची, या माणसाला टेलिफोनची गरज नाही.

"शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा काय बोलले, माहितीये?" ताई म्हणाली. "मी सांगितलं नाही कधी. कुणी विचारलंही नाही. मानेला पट्टी, आवाज म्हणजे नुसता वारा. मी कान जवळ नेला. म्हणाले, पोरी, या नर्सबाईच्या गणवेशाची बाही कुणी कापलीय, मुंढा पार फसलाय."

मास्तर हसला. हसता हसता त्याने चष्मा काढून पुसला.

"रडले नाहीत?"

"एकदा. आवाज परत येणार नाही असं सांगितलं, त्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून नाही. मास्तर, तुला वाटतं आवाज गेला म्हणून ते संपले. मी तिथे होते, ते संपले नव्हते. आवाजाचंच म्हणत असशील तर या बाईंनी सांगितलंय, तिथे हात लागणार नाही. मग अडतंय कशावर?"

ते कडक कापड मास्तरने टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं.

"मी तेव्हा आठ दिवसांसाठी आलो होतो," तो म्हणाला.

ताईने सुई थांबवली. मास्तर त्या वेळी एका मोठ्या नाटकमंडळीच्या शिवणखात्यात शिकत होता. राजांचे अंगरखे, शिपायांचे पोशाख, परकरांच्या झालरी. तिथल्या मुख्य कारागिराने त्याला नुकतंच कापायला बसवलं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि तो आपणहून परत आला हेही माहीत होतं. अण्णा मापं पुकारू शकत नव्हते. ते मास्तरच्या कानाशी येऊन कुजबुजायचे आणि मास्तर मोठ्याने बोलायचा. तसं करता करता वर्ष गेलं, मग दुसरं.

"मला कुणी थांब म्हणालं नाही," तो म्हणाला. "अण्णा तर म्हणायचे, जा. पण कसा जाणार? आता चिमणीकडे बघ. येऊन दोन दिवस झाले नाहीत तर गल्ल्यावर जाऊन बसली. काल कापडवाल्याशी बोलली. आईला विचारत होती, इस्त्रीवाला पोरगा किती वाजता येतो. ताई, ते आत काहीतरी करायला गेले आणि माझा हात गेला, जीभ गेली, तर ती पोर परत जाणार नाही. माझ्यासारखीच. कुणी थांब म्हणणार नाही आणि ती जाणार नाही."

"आणि काही केलं नाहीस, आणि तरीही हात गेला तर?"

त्याने गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला.

"मग काय ती जाईल?"

"तेवढा विचार नव्हता केला," मास्तर म्हणाला.

"वहिनीच्या वर ताण करतोस तू. ती निदान कात्री लपवून ठेवते." ताईने दोरा तोडला. "हे सगळं मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांग. अण्णांनी तुला नुसतं जा म्हटलं. तुझ्या मनात काय चाललंय, ते कधी विचारलं नाही."

*

सकाळी चहाच्या वेळी मास्तर कप हातात घेऊन चिमणीसमोर येऊन बसला. बापूही आला होता, वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. मास्तरला गोड बोलून विषय काढणं कधी जमलं नाही. तो सरळ म्हणाला, "तू आठवड्याभरात तुझ्या बोगद्यावर परत जायचंस. माझं काहीही होवो. हे कबूल असेल तर मी सही करतो."

चिमणीने कप खाली ठेवला. "काहीही म्हणजे? तुम्ही अंथरुणाला खिळलात तरी?"

"तरी."

"कबूल नाही."

"मग मीही नाही."

"ठीक आहे. तुम्ही करून घेणार नसाल तर मी आजच राजीनामा पाठवते आणि इथेच राहते. तुम्हाला कधी काय होईल याचा नेम नाही, तर जवळ कुणी असलेलं बरं. काका, तुमच्याकडे चांगलं पेन आहे का?"

बापूने खरंच खिशातून पेन काढून दिलं. मास्तर एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. वहिनीची पाठ हलत होती. ती रडतेय का हसतेय, ते ताईला बसल्या जागेवरून कळेना.

"धमकी देतेस बापाला?"

"बापाकडूनच शिकले." मग तिचा आवाज उतरला. "बाबा, तुम्ही इथे का राहिलात ते मला लहानपणापासून माहिती आहे. आजोबांनीच सांगितलं होतं मला, कानात. म्हणाले होते, तुझ्या बापाने मला त्याचा आवाज दिला, आणि मी तो घेतला, कारण मला तो फार हवा होता. मी गल्ल्यावर बसले कारण मला आवडतं तिथे बसायला. अडकण्यासाठी नाही बसले. तुम्ही बरे व्हा, मी जाते. बरे नाही झालात तर काय करायचं ते तेव्हा आपण दोघं मिळून ठरवू. एकट्याने नाही ठरवायचं."

मास्तरचा चहा निवून गेला. अण्णांचे ते शब्द ताईनेही पहिल्यांदाच ऐकले होते. इतकी वर्षं तिला वाटायचं, अण्णांच्या कुजबुजीतलं सगळं आपल्याच वाट्याला आलं.

"पेन आण इकडे," मास्तर म्हणाला. "दवाखान्यात सही करायला लागेल."

*

त्याला आत नेलं तेव्हा तो नर्सला विचारत होता, की तुमचे हे हिरवे झगे पाठीमागून उघडे का शिवतात. दार लागलं आणि चौघं बाकावर बसली.

बराच वेळ बापूने पायाने जमिनीवर ताल धरला होता. मग तो ताईच्या बाजूला सरकला. "ताई, तुम्ही सगळे अण्णांच्या आवाजाबद्दल बोलता. मोठा होता, रस्त्यापलीकडे जायचा. मला तो आठवतच नाही. खूप प्रयत्न केला. मला आठवतो तो बसका आवाज. त्याच आवाजात त्यांनी मला पाढे शिकवले, रागावले, माझ्या लग्नात भाषण केलं. लोकांना काही ऐकू आलं नाही, पण मला आलं." तो थांबला. "माझ्यासाठी अण्णांचा आवाज म्हणजे तोच. म्हणून मी म्हणत होतो, उघडून करा. मला वाटायचं, त्यात वाईट काय झालं?"

ताईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो ताल थांबला. आपण त्याला इतकी वर्षं हट्टी म्हणत आलो. त्याचं दुःख होतं ते आपल्याला दिसलंच नाही, असं तिच्या मनात आलं. आपल्याला जो बाप मिळाला, तो याला मिळालाच नव्हता, आणि याला जो मिळाला तो आपल्या हिशेबी अर्धा होता.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली वेळ उलटून गेली. दार उघडून एक नर्स घाईघाईने बाहेर आली, दुसऱ्या एका डॉक्टरांना घेऊन पुन्हा आत शिरली. चिमणी उठून उभी राहिली. वहिनीने डोळे मिटले. पुन्हा दार उघडलं तेव्हा खुद्द डॉक्टरीणबाई आल्या होत्या, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढून.

"स्टेंट बसलाय. धमनी छान उघडलीय. मधे जरा पळापळ झाली, कारण फुगा फुगवला तशी नाडी एकदम मंदावली. मानेत त्या जागी दाब पडला की हृदयाची चाल उतरते. आम्हाला याची कल्पना असते, पण यांचं हृदय नाजूक, म्हणून जास्त माणसं बोलावली. खोकायला सांगितलं, इंजेक्शन दिलं, नाडी परत आली. रक्तदाब अजून खाली आहे, म्हणून एक दिवस जास्त ठेवते."

"बोलतायत का?" वहिनीने विचारलं.

"थांबवा म्हणायची वेळ आली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तर उताणा पडून होता. उजवा पाय हलवायचा नाही असं बजावलेलं, म्हणून तो पाय परक्याचा असल्यासारखा सरळ ठेवलेला. चेहरा पांढुरका. ताईला बघून त्याने उजवा हात वर केला, बोटं एकेक करून मिटली, उघडली.

"या हातात त्यांनी मला रबरी बदक दिलं होतं," तो म्हणाला. "सांगतील तेव्हा दाबायचं. वाजलं, की मेंदू ठीक. या वयात बदक वाजवत पडलो होतो मी, ताई. आणि म्हणाल्या, बोलत राहा. कशाबद्दल बोलू? तर नाटकवाल्यांच्या शिवणखात्याचं सांगत सुटलो. राजाच्या अंगरख्याला अस्तर कसं लावतात ते. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या तिथे तार सरकवतायत आणि विचारतायत, मग झालर कुठून शिवायची."

वहिनी पलंगाच्या दांडीला धरून उभी होती. तिने पुढे होऊन त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, जे आधीच सारखं होतं. "बोलू नका आता जास्त," ती म्हणाली. तो गप्प बसला. दुसऱ्याच क्षणी ती म्हणाली, "बोला."

*

चिमणी गेली तेव्हा मास्तर तिला सोडायला रस्त्यापर्यंत चालत आला. जा म्हणाला नाही, थांब म्हणाला नाही. बोगद्याची दोन्ही टोकं भेटतील त्या दिवशी मला बोलाव, असं म्हणाला. तिने त्याच्या गोळ्यांची वेळ आपल्या फोनवर लावून घेतली होती. ती वाजली की ती तिकडून फोन करणार आणि तो गोळी घेतल्याचं सांगणार, असं दोघांचं ठरलं. वहिनीने कात्री परत दिली.

ताईही निघायची होती, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की वडिलांना होतं, भावाला झालं, तेव्हा सख्ख्या भावंडांनीही एकदा मान तपासून घ्या. बापू आणि ताई दोघांची वेळ घेतली. मास्तर म्हणाला मीही येतो. वहिनी म्हणाली, तुमचं काय काम तिथे. तो म्हणाला, माझं माझ्या माणसांशी काम आहे.

तपासणीच्या खोलीत हिरवा पडदा होता. आधी बापू गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा शाळेत नापास झालेल्या पोरासारखा होता. थोडासा थर आहे, तपासणारी मुलगी म्हणाली होती, आता काही करायचं नाही, गोळी आणि रोज चालणं.

"माझ्याबरोबर चाल," मास्तर त्याला म्हणाला. "मलाही सांगितलंय. सकाळी दुकानाशी ये."

"तू फार हळू चालतोस, दादा."

"मग तू बोलत चाल. आपोआप वेग येईल."

ताई पलंगावर आडवी झाली. मुलीने तिच्या मानेला गार चिकट काहीतरी लावलं आणि एक लहानसं यंत्र त्यावरून हळूहळू फिरवू लागली. पडद्यावर करडं धुकं हललं. मग मुलीने एक बटण दाबलं आणि खोलीत आवाज भरला. थांबून थांबून येणारा, उसळणारा, कुणीतरी दूर झाडून घेत असल्यासारखा.

"हा कसला आवाज?" ताईने विचारलं.

"तुमच्या रक्ताचा, आजी. वर डोक्याकडे चाललंय. अगदी मोकळा रस्ता आहे तुमचा."

ताई छताकडे बघत पडून राहिली. बाहत्तर वर्षांत हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. अण्णांच्या उशाशी रात्रंदिवस बसली होती, तेव्हाही तो तिच्या आत चाललेला होता. आई गेली तेव्हा चालला होता. लग्नाच्या दिवशी, आणि त्याच्याही आधी, दुपारच्या मशिनींच्या खडखडाटात बाकावर बसून ती काजं करायची तेव्हा, असाच.

"झालं, आजी. बंद करू ना?"

"राहू दे जरा," ताई म्हणाली.

मुलगी थांबली. पडद्यापलीकडे बापू आणि मास्तर कशावरून तरी वाद घालत होते, तेही बोलायचे थांबले, आणि तिघं भावंडं ऐकत राहिली.